नर्सरीवालीच्या आवारातली केबल

अर्धी वाट सरली तेव्हा काकू एकदम थांबल्या. खडा काढायला म्हणून त्यांनी चप्पल हातात घेतली आणि ती तशीच हातात धरून म्हणाल्या, "वन्सं, खरं सांगा. पन्नाशीची बाई माझ्या नवऱ्याला 'काका' म्हणते, ते कशाला?"

नणंद चार पावलं पुढे गेली होती, ती मागे फिरली. "सगळेच म्हणतात की त्याला काका. टपालवाला म्हणतो, डॉक्टर म्हणतो."

"टपालवाला असा गोड आवाज काढून म्हणत नाही."

"तुम्ही कधी ऐकलात तिचा आवाज?"

"फोनवर ऐकला. 'काका आहेत का?' म्हणाली. 'आहेत का'मधला तो 'का' केवढा लांबवला माहीत आहे?"

नणंदेनं हसू दाबलं आणि काकूंच्या हातातली चप्पल घेऊन त्यांच्या पायापुढे ठेवली. दोघी पुन्हा चालू लागल्या. गावाबाहेरचा कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंना तारेची कुंपणं आणि कुंपणांच्या आत लांबलांब वसलेली एकेकटी घरं. काकूंच्या दुसऱ्या हातात जेवणाचा डबा होता. नवरा सकाळी डबा घरीच विसरून गेला होता आणि तो पोचवायला निघालो आहोत, असं दोघींनी निघताना एकमेकींना सांगितलं होतं. पण नुसता डबा द्यायला कोणी ठेवणीतले कपडे घालत नाही. नणंदेनं ते पाहिलं होतं.

काकूंच्या नवऱ्याला सगळे पाताळकाका म्हणत. त्याचं कारण असं की या भागात रस्त्यापासून घरापर्यंत जमिनीखालून जे काही जातं, म्हणजे पाण्याचा पाइप, विजेची केबल, फोनची तार, त्यातलं बरंचसं त्यांनीच गाडलं होतं. आता ते निवृत्त झाले होते. तरी कोणाला कुंपणाचा खांब रोवायचा असो, झाड लावायचं असो, आधी काकांना बोलावणं जायचं. काका यायचे, जमिनीवर चुन्याची पांढरी रेघ मारायचे आणि सांगायचे, "इथून इथपर्यंत मशीन नको, कुदळ नको. खुरप्यानं खरवडा. वाळू लागली की हात थांबवा." केबलच्या भोवती ते नेहमी वाळूचा थर द्यायचे, म्हणजे पुढे कधी खणणाऱ्याला आधी वाळू दिसावी आणि मग केबल.

त्यांची आणखी एक पद्धत होती. चर बुजवला की त्याच्यावरून टाचेला अंगठा लावत ते या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे. "चालून बंद केली," म्हणायचे. नकाशा कधी काढला नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, "कागद हरवतो. पाय कुठं हरवतात?" आणि खरंच, वर्षांनी जरी बोलावलं तरी काका त्या आवारात शिरायचे, विहिरीशी किंवा खांबाशी क्षणभर उभे राहायचे आणि पाय आपसूक त्या रेघेवरून चालू लागायचे.

नर्सरीवाली या भागात नवी. एक जुनी जागा विकत घेऊन तिनं तिथं रोपांची नर्सरी घातली होती. तिला पाण्याची टाकी बांधायची होती, त्यासाठी खड्डा खणायचा होता. पंपाकडे जाणारी केबल कुठून गेलीय ते दाखवा, म्हणून तिनं काकांना बोलावलं. एका दुपारचं काम. त्याला आता महिना व्हायला आला होता आणि काका रोज सकाळी तिकडं जातच होते.

"एक केबल दाखवायला महिना?" काकू म्हणाल्या. "मी यांच्याशी लग्न करायला इतके दिवस घेतले नव्हते."

"काम वाढलं असेल."

"विचारलं मी. 'जरा काम आहे' एवढंच. आणि वन्सं, घरी काय चालतं ते तुम्हाला ठाऊक नाही. चहात साखर घालतात, ढवळतात, पुन्हा घालतात. दारात येऊन उभे राहतात आणि नुसते उभेच. 'काय हवंय?' विचारलं तर 'काही नाही' म्हणून परत जातात. परवा मी बोलतेय, बोलतेय, आणि हे खिडकीबाहेर बघतायत. आता सांगा, माणसाचं असं कधी होतं?"

"कधी होतं?"

"प्रेमात पडल्यावर होतं! माझ्या वेळेला झालं होतं यांचं. चक्क पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून आले होते मला बघायला."

 दोन चपलांची गोष्ट नणंदेला ठाऊक होती. त्या दिवशी त्यातली एक चप्पल तिच्या वडिलांची होती आणि वडील घरी अनवाणी बसले होते.

देवानं कोणाला गळा दिला, कोणाला हाताला चव दिली. काकूंना हेवा दिला, तोही सढळ हातानं. शेजारणीच्या कोंबड्या जास्त अंडी देतात म्हणून त्यांच्या पोटात दुखायचं. नणंदेला वाचायला चष्मा लागत नाही याचा त्यांना हेवा, आणि धाकट्या सुनेला लागतो व तो तिला शोभतो याचाही हेवा. आपल्याला हे होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. रोज संध्याकाळी हात जोडून त्या देवाला म्हणायच्या, "माझं मन जरा मोठं कर." मग डोळे उघडून खिडकीतून बघायच्या, की शेजारणीनं आज कोणता पडदा लावलाय.

पण या सगळ्या हेव्यांच्या तळाशी एक जुना हेवा होता. लग्न नवं असताना काका त्यांना कामावर घेऊन जायचे. चर बुजला की काका टाचेला अंगठा लावत चालायचे आणि काकू चुन्याचा डबा घेऊन त्यांच्या पुढे उलट्या पावलांनी चालायच्या, त्यांच्या पायांकडे बघत, रेघ ओढत. दोघांमध्ये हातभर अंतर. दोघंही गप्प. काकू त्या वेळी विशीत होत्या. एखाद्या बाईला दागिने घातल्यावर काय वाटतं ते त्यांना तो चुन्याचा डबा हातात घेतल्यावर वाटायचं. मग मुलं झाली, घर वाढलं, काकांच्या हाताखाली माणसं आली, आणि काकू चुलीपाशी राहिल्या. त्याबद्दल त्या कधी कुरकुरल्या नाहीत. फक्त तो डबा कोणाच्या हातात आहे, यावर त्यांची नजर असायची. आणि आता टपालवाला सांगत होता की, नर्सरीवाली स्वतः चुन्याचा डबा घेऊन काकांच्या मागं मागं फिरते.

"मागं मागं," काकू चालता चालता म्हणाल्या. "मी तरी पुढं चालायचे."

नर्सरीचं फाटक उघडंच होतं. आत काळ्या पिशव्यांतली रोपं ओळीनं मांडलेली, वर हिरवी जाळी, कडेला उंच वाढलेल्या झाडांच्या कुंड्या भिंतीसारख्या लावलेल्या. माणूस दिसेना. काकूंनी कपडे नीट केले, डबा या हातातून त्या हातात घेतला आणि काय बोलायचं ते मनात एकदा म्हणून पाहिलं. बरंच काही ठरवलं होतं. नवरा दिवसभर इथं हसत खिदळत असेल तर काय बोलायचं, ती लाजली तर काय बोलायचं, उलट उत्तर आलं तर काय.

कुंड्यांच्या भिंतीपलीकडून आवाज आला. काकांचा.

"मेन स्विच बंद आहे ना?"

"बंद आहे." बाईचा आवाज. "सकाळी तुमच्यादेखत बंद केला."

"मी बघितला?"

"बघितला की, काका."

मग खुरप्याचा खरखर आवाज, आणि पुन्हा काका. "हा चर कालचा की परवाचा?"

"कालचा."

काकूंनी दोन कुंड्यांच्या फटीतून पाहिलं. काका गुडघाभर चरात गुडघे टेकून बसले होते. चराच्या काठावर एक बाई उकिडवी बसली होती. काकूंनी मनात जी बाई रंगवली होती ती ही नव्हे. अंगात पुरुषाचा जुना शर्ट, उन्हानं रापलेला चेहरा, एका गुडघ्याला बांधलेला पट्टा, नखांत माती. यानं खरं तर काकूंना बरं वाटायला हवं होतं. पण नटून बसलेली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. नटलेल्या बाईला नावं ठेवता येतात.

"इथं असायला हवी होती," काका सांगत होते. "मीच टाकलीय, मीच चालून बंद केलीय. विहिरीपासून निघालो ते आठवतं. पुढचं कोरं आहे. पाय उचलतो, पण कुठं ठेवायचा ते कळत नाही. तुम्हाला रेघ मारून दिली, तिथं खणलं, तर खाली काहीच नाही. असं कधी झालं नव्हतं हो माझं."

"मशीनवाल्याला बोलवू का? जमिनीवरून नुसती फिरवतात, खाली तार असली की कळतं."

"बोलवा. पण थोडं थांबा. अजून जरा बघू द्या मला."

"थांबते. मला घाई नाही." बाईनं काठावरची सुटी माती हातानं मागे सारली. "काका, घरी सांगितलंत का हे?"

"कोणाला? हिला? नको."

"का नको?"

काकांनी खुरपं खाली ठेवलं. "अहो, ती दिवसभर मला विचारत असते. हे कुठं ठेवलं, ते कुठं ठेवलं, हे कोणत्या साली झालं. तिला अजून वाटतं, मला सगळं ठाऊक असतं. एका माणसाला तरी तसं वाटू दे."

नणंदेनं काकूंचा हात धरला. काकूंनी तो सोडवून घेतला.

हसणं-खिदळणं ऐकू आलं असतं तर काकू त्याला पुरून उरल्या असत्या. नवऱ्यानं त्या बाईला एखादं फूल दिलं असतं तर त्यांनी ते हिसकून फेकून दिलं असतं. पण यानं तिला जे दिलं होतं ते परत कसं घ्यायचं? दिली होती ती स्वतःची भीती. लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलं झाली, सासू-सासरे गेले, घराचं छप्पर एकदा उडून गेलं, आणि या माणसानं कधी "मला भीती वाटते" असं त्यांना सांगितलं नव्हतं. आणि आज सांगितलं ते कोणाला, तर गुडघ्याला पट्टा बांधलेल्या, काल आलेल्या बाईला. काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. काकांची दया नंतर आली. आधी हे आलं.

त्या मुद्दाम मोठ्यानं खोकल्या आणि कुंड्यांना वळसा घालून पुढे झाल्या.

काका दचकून चरात उभे राहिले. हात पँटला पुसत म्हणाले, "तू? इकडं कशी?"

"डबा."

"डबा मी आणलाय की." त्यांनी इकडं तिकडं पाहिलं. शेडकडे पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम लहान झाला.

"काका, घाईत घरीच राहिला असेल," नर्सरीवाली पटकन म्हणाली. "माझाही राहतो." तिनं सांभाळून घेतलं तेही काकूंच्या डोळ्यांत खुपलं. सांभाळून घ्यायचं काम आपलं.

"या, काकू. बसा ना. खुर्ची आणते."

"उभीच बरी आहे. बसायला नाही आले."

"पाणी तरी घ्या. उन्हातून चालत आलात."

"पाणी आहे आमच्या घरी."

नणंदेनं मात्र पाणी घेतलं. दोन पेले प्याली. काकूंनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिसरा पेला तिनं हातातच ठेवला.

काकूंनी आवारावरून नजर फिरवली. आडवे चर, उभे चर, अर्धवट सोडलेले चर. कोंबड्यांनी उकिरडा उकरावा तशी सगळी जमीन. ज्या माणसानं उभ्या जन्मात एका चराच्या जागी दुसरा खणला नव्हता, त्याची ही जमीन. त्यांनी डबा चराच्या काठावर ठेवला. मग विचारलं, "काय शोधताय एवढं?"

"शोधत कुठं? तपासतोय. जुनी लाइन आहे, तपासलेली बरी."

"हो," काकू म्हणाल्या. "तपासलेली बरी."

एवढंच बोलून त्या थांबल्या. काकांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. आपलं म्हणणं बायकोनं पहिल्या झटक्यात मान्य केलं, याची त्यांना सवय नव्हती.

परत निघताना नर्सरीवाली फाटकापर्यंत आली. मागे वळून काका ऐकू येईल इतक्या अंतरावर नाहीत हे तिनं पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "काकू, तुम्ही ऐकलंत."

"मी काही ऐकलं नाही."

"बरं. पण माझी त्यांच्यामागे घाई नाही. टाकी आज झाली काय, पुढच्या महिन्यात झाली काय. मला काही जड जात नाही."

"तुम्हाला कशाला जड जाईल? दुपारी डोळा लागतो त्यांचा. कुठं पडतात?"

"शेडमध्ये."

"उशाला काय देता?"

"पोतं असतं एक."

"पोत्यावर त्यांची मान आखडते."

"मग उद्या उशी पाठवा," नर्सरीवाली म्हणाली. ती टोमणा मारत नव्हती, आणि तेच काकूंना सहन होईना.

"उशी नाही पाठवणार." काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "मशीनवाल्याला बोलवून घ्या. लवकर बोलवा. केबल सापडली की यांना सांगा, तुम्ही खणलं होतं त्याच्या अगदी शेजारीच होती. वीतभर चुकली."

"आणि शेजारी नसली तर?"

"तरी तेच सांगा."

नर्सरीवालीनं मान हलवली. मग म्हणाली, "हे तुम्ही सुचवलंत असं सांगू?"

"माझं नाव काढलंत तर बघा!"

परतीच्या वाटेवर काकू इतक्या भरभर चालत होत्या की नणंदेला धाप लागली. ऊन कलायला लागलं होतं. कुंपणांच्या सावल्या रस्त्यावर आल्या होत्या.  नणंदेला भावाचा तो लहान झालेला चेहरा दिसत होता आणि ती मनातल्या मनात देवाचं नाव घेत होती. काकूंच्या मनात काय चाललं होतं ते त्यांच्या पावलांवरून कळत होतं. एक पाऊल रागाचं, एक रडण्याचं.

"वहिनी, डॉक्टरला दाखवू या त्याला," नणंद शेवटी म्हणाली.

"दाखवू. दाखवायलाच हवं. मी काय नाही म्हणतेय?" काकू न थांबता बोलल्या. "पण डॉक्टरलाही हे माझ्याआधी सांगणार, आणि नर्सरीवालीला सांगून झालंच आहे. म्हणजे गावाला कळेल, आणि मी घरात बसून साखर किती घातली ते मोजायची. दोनदा साखर घालत होते आणि मला वाटलं... देवा रे. काय काय वाटलं मला!"

"तुमच्यासमोर तरी कमी पडू नये म्हणूनच तर तो सांगत नव्हता."

"ते ऐकलं मी. चांगलं ऐकलं. मला म्हणे वाटतं, यांना सगळं ठाऊक असतं. वन्सं, मला काय ठाऊक नाही? हे चिठ्ठ्या खिशात विसरतात, मी धुण्याआधी काढते. मुलांचे वाढदिवस दर वर्षी मी आदल्या दिवशी सांगते. मी विचारते ते यांना ठाऊक आहे म्हणून नव्हे. यांनी बोलावं म्हणून विचारते. नाहीतर हा माणूस दिवसभर तोंड उघडत नाही. आणि तिच्याकडे बसून एवढं बोलतात! 'पाय उचलतो पण कुठं ठेवायचा ते कळत नाही.' असलं वाक्य माझ्या वाट्याला कधी आलं नाही."

"रागावू नका त्याच्यावर."

"यांच्यावर कुठं रागावले? तिच्यावरही धड रागावता येत नाही, मेली चांगली आहे. तेच तर वाईट." काकूंनी डोळे पुसले. अजून चार पावलं चालल्या आणि मग थांबल्या. आवाज बदलला होता. आता त्या काहीतरी ठरवून बोलत होत्या.

"वन्सं, तुमच्या घरामागून नळाचा पाइप जातो, तो कोणी टाकला?"

"दादानंच. दुसरं कोण टाकणार?"

"मग त्यांना निरोप द्या. म्हणा, मागच्या बाजूला खांब रोवायचाय, पाइप कुठून गेलाय ते दाखवून जा."

"मला कुठं खांब रोवायचाय?"

"रोवा. कपडे वाळत घाला त्याच्यावर."

"आणि वहिनी, तो आला, आणि त्याला तिथंही आठवलं नाही तर?"

"म्हणून तर म्हणते. सांगा त्यांना, माझे गुडघे धरलेत, हाताखाली कोणी नाही, वहिनीला घेऊन या. मी येईन खुरपं घेऊन. यांना दोन चर खणू द्या, चार खणू द्या, तुमची सगळी बाग उकरली तरी तोंडातून शब्द काढू नका. तुम्ही आत जा, पोथी वाचत बसा, बाहेर बघू नका. त्यांना चुकायचंच आहे तर माझ्यासमोर चुकू द्या. एवढं माझ्यासाठी कराल, वन्सं?"